चुकीचं आधी, जाड नंतर

ब्रिटनमधल्या मॉडेल रेल्वेच्या छंदात चार मिलिमीटरचं प्रमाण सर्वांत जास्त रुळलेलं आहे. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलमधले ४ मिलिमीटर, हिशेबाने १:७६.२. या प्रमाणातली मालवॅगनची प्लास्टिकची किट्स तिथे कित्येक दशकं विकली जात आहेत. वॅगनची वरची पेटी, म्हणजे फळ्या, दारं आणि कोपऱ्यांच्या लोखंडी पट्ट्या, बहुतेक किटांत छान उतरलेली असते. मतभेद सुरू होतात ते पेटीच्या खाली. दोन्ही लांब बाजूंच्या तुळया म्हणजे सोलबार, ॲक्सल धरून ठेवणारे डब्ल्यू-आयर्न, त्यांतले ॲक्सलबॉक्स, स्प्रिंगा, ब्रेकचे दांडे आणि ठोकळे, टोकाचे बफर, ही सगळी अंडरफ्रेम. तिचे भाग किटमध्ये आहेत तसेच लावायचे, की अचूक भाग दुसरीकडून मिळवून बदलायचे? आणि मिळवायचे तर कुठून, कशाच्या भरवशावर?

या प्रश्नावरची दोन मतं इथे समोरासमोर मांडली आहेत. मामा डर्बीत स्थायिक झालेले निवृत्त यंत्र अभियंता. ते ‘पी-फोर’ पद्धतीने काम करतात, म्हणजे रुळांमधलं अंतरही काटेकोर प्रमाणात, १८.८३ मिलिमीटर. भाची त्याच शहरात नोकरी करते आणि संगणकावर यंत्रांच्या भागांचे आराखडे काढते. तिचे रूळ दुकानात सहज मिळणारे ‘ओओ’चे, १६.५ मिलिमीटरचे. दोघांसमोर किट एकच आहे : सात फळ्यांची, बारा टनी, खासगी मालकाची कोळसा वॅगन.

भाची : मामा, माझं म्हणणं सरळ सांगते. या किटमध्ये अंडरफ्रेम दिलेली आहे. मी चाकं बदलेन, बाकी जे दिलंय ते स्वच्छ जोडेन, रंगवेन आणि वॅगन गाडीला लावेन. तुमच्याकडे अर्धवट जोडलेल्या वॅगनी रचून ठेवलेल्या असतात, कारण कुठल्या तरी ॲक्सलबॉक्सची वाट पाहणं चालू असतं. कोळशाच्या गाडीला तीस-चाळीस वॅगनी लागतात. एकेकीसाठी सहा ठिकाणांहून भाग मागवले तर गाडी उभी कधी राहणार?

मामा : वाट पाहावी लागते, खरं आहे. पण ती कशासाठी, ते ऐक. ही पेटी मला फार थोडं सांगते. सात फळ्या, बाजूला दार, टोकाला दार. अशा वॅगनी कोळशाच्या खाणींकडे होत्या, व्यापाऱ्यांकडे होत्या, गॅसच्या कारखान्यांकडे होत्या. वॅगन कोणत्या काळात आणि कोणत्या नियमाखाली बांधली गेली, हे खालच्या भागावरून कळतं. रेल्वे क्लिअरिंग हाउसने, म्हणजे रेल्वे कंपन्यांच्या सामाईक संस्थेने, खासगी वॅगनींसाठी प्रमाणित नमुने ठरवून दिले होते. १८८७ चा, १९०७ चा आणि १९२३ चा. १९२३ च्या नमुन्यातली बारा टनी वॅगन टोकाच्या एका आडव्या तुळईपासून, म्हणजे हेडस्टॉकपासून, दुसऱ्या हेडस्टॉकपर्यंत १६ फूट ६ इंच, दोन ॲक्सलमधलं अंतर ९ फूट आणि ॲक्सलबॉक्स तेलाचे. त्याआधीच्या वॅगनींत ग्रीसचे ॲक्सलबॉक्स सर्रास होते. दोघांची ठेवण वेगळी, झाकणं वेगळी. वर पहिल्या महायुद्धाआधीची रंगरंगोटी आणि खाली १९२३ च्या नमुन्याचे ॲक्सलबॉक्स, असं जोडलं तर वॅगन कोणत्या सालातली हे तुला स्वतःलाच सांगता येणार नाही.

भाची : म्हणजे तुमच्या मते प्रत्येक किटची अंडरफ्रेम संशयित.

मामा : संशयित नाही, न तपासलेली. तपासण्याची सुरुवात ॲक्सलमधल्या अंतरापासून करायची. ब्रिटनमध्ये या वॅगनी ९ फुटांच्या, म्हणजे मॉडेलमध्ये ३६ मिलिमीटर. पुढे ब्रिटिश रेल्वेच्या बारा टनी बंद व्हॅन आल्या त्या १० फुटांच्या, म्हणजे ४० मिलिमीटर. साचा बनवायला पैसा लागतो, म्हणून जुन्या तयार वॅगनींत अनेकदा एकच अंडरफ्रेम वेगवेगळ्या पेट्यांखाली बसवलेली दिसते. नऊ फुटांच्या पेटीखाली दहा फुटांची बसवली की वॅगनचा तोलच बदलतो. चाकं टोकांकडे सरकतात आणि बघणाऱ्याला कारण कळलं नाही तरी काहीतरी खटकतं. हे अंतर चुकलं असेल तर सुटा भाग कितीही सुंदर आणा, उपयोग नाही. अख्खी अंडरफ्रेमच नवी लागते.

भाची : मोजलं. या किटमध्ये बरोबर ३६ आहे. हेडस्टॉकच्या बाहेरून ६६, तेही हिशेबात बसतं. म्हणजे इथे किट खरं उतरलं.

मामा : उतरलं, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. आता ब्रेक बघ. पूर्वी कित्येक वॅगनींना ब्रेकचा दांडा एकाच बाजूला असायचा. यार्डातल्या माणसाला ब्रेक लावण्यासाठी हलत्या वॅगनींच्या मधून पलीकडे जावं लागायचं आणि त्यात माणसं चिरडली जायची. म्हणून १९११ च्या नियमांनी ब्रेक दोन्ही बाजूंनी लावता आला पाहिजे असं बंधन आलं. जुन्या वॅगनींना बदल करायला मुदत दिली गेली. या नियमाला कारखान्यांनी प्रामुख्याने दोन उत्तरं दिली. पहिलं, दोन्ही बाजूंना स्वतंत्र ब्रेक. प्रत्येक बाजूला आपला दांडा, आपले दोन ठोकळे. एकूण चार ठोकळे, आणि दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा दंड नाही. दुसरं उत्तर मॉर्टन पद्धतीच्या ब्रेकचं. ठोकळे दोनच आणि तेही एकाच बाजूला. वॅगनखालून आडवा दंड जातो आणि त्याच्या दोन्ही टोकांना दांडे असतात.

भाची : पण दोन्ही बाजूंनी दांडा उजव्या हातालाच असतो ना? मग एका बाजूने दाबला तर दंड एका दिशेला फिरेल आणि दुसऱ्या बाजूने दाबला तर उलट दिशेला.

मामा : तेच मॉर्टनने सोडवलं. एका बाजूच्या दांड्यापाशी दिशा उलटवणारा क्लच बसवला. त्यामुळे कुठल्याही बाजूने दांडा खाली दाबला तरी ठोकळे चाकालाच टेकतात. या वॅगनला एका बाजूने पाहिलंस तर चाकांना ठोकळे दिसतात, दुसऱ्या बाजूने चाकं मोकळी. आता तुझ्या किटच्या दोन्ही बाजू बघ. दोन्ही एकाच साच्यातून निघालेल्या, दोन्हीकडे ठोकळे, आणि वर आडवा दंडही दिलेला. ही ना स्वतंत्र ब्रेकची वॅगन, ना दोन ठोकळ्यांच्या मॉर्टनची.

भाची : तुमचं निदान मान्य, औषध मान्य नाही. वॅगन स्वतंत्र ब्रेकची करायची असेल तर मी आडवा दंड लावणार नाही. मॉर्टनची करायची असेल तर एका बाजूचे ठोकळे आणि त्यांना ढकलणाऱ्या सळ्या धारदार पात्याने कापून टाकीन. यात विकत आणण्यासारखं काय आहे? किटवाल्याने जास्तीचे भाग दिले. कुठले ठेवायचे आणि कुठले काढायचे हे ठरवणं आपलं काम.

मामा : अगदी बरोबर, आणि हे मी तुझ्या तोंडून ऐकायची वाटच पाहत होतो. खूप चुका भाग न आणता निघतात. त्यासाठी फक्त वॅगन माहीत असावी लागते.

भाची : मग आपण दोन गोष्टींची गल्लत करतोय असं मला वाटतं. एक चुकीचा भाग आणि एक जाड भाग. दोन ठोकळ्यांच्या वॅगनला चार ठोकळे लावणं हे चुकीचं. ब्रेकचा दांडा हवा त्यापेक्षा जाड असणं हे जाड. पहिली गोष्ट खोटं सांगते. दुसरी खरंच सांगते, फक्त ठसठशीत सांगते. चुकीचं बदलायला मी तयार आहे. जाड बदलण्यासाठी मात्र महिनोन्‌महिने थांबणं मला पटत नाही.

मामा : फरक चांगला सांगितलास. पण जाडीची बाजूही ऐकून घे. खऱ्या वॅगनचा डब्ल्यू-आयर्न पाऊण इंचाच्या आसपास जाडीच्या पत्र्याचा. आपल्या प्रमाणात एक इंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, तेव्हा पाऊण इंच म्हणजे पाव मिलिमीटर. प्लास्टिक इतकं पातळ ओतता येत नाही; ओतलं तरी हात लागताच मोडेल. पितळेचा पत्रा रसायनाने कोरून हे भाग बनवतात तेव्हा ते या जाडीच्या जवळपास मिळतात. ब्रेकच्या दांड्याचंही तसंच. कोरलेल्या पितळेचा दांडा कडेने पाहिला तर रेघेसारखा दिसतो. प्लास्टिकचा दांडा खऱ्या मापात मोजला तर दोन-दोन इंच जाड भरतो. खाली वाकून पाहिलं की पहिलं लक्ष तिथेच जातं.

भाची : खाली वाकून पाहिलं तर. गाडी हातभर अंतरावरून जाते तेव्हा डोळ्याला डब्ल्यू-आयर्नची कड दिसते, त्याचा मागचा भाग सोलबारच्या सावलीत जातो. मी कडेला मागच्या बाजूने कानस मारून उतार देते. समोरून कड पातळ दिसते, आतली जाडी तशीच राहते आणि भागात ताकदही उरते. ब्रेकच्या दांड्यालाही हीच युक्ती. दोन मिनिटांचं काम आणि टपालाचा खर्च नाही.

मामा : ‘ओओ’साठी हे उत्तम आहे. पण माझ्या रुळांवर पत्र्याचे डब्ल्यू-आयर्न शोभेसाठी नसतात. पी-फोरची चाकं खऱ्या चाकांच्या मापाची, त्यांची कडा अगदी बारीक. चार चाकांची वॅगन ताठ जोडली आणि रूळ केसभर वरखाली असला तर एक चाक हवेत राहतं आणि वॅगन रुळावरून उतरते. म्हणून एक ॲक्सल डोलता ठेवायचा किंवा चारही बेअरिंगना बारीक तारेच्या स्प्रिंगा द्यायच्या. कोरीव पितळेच्या डब्ल्यू-आयर्नमध्ये ही सोय असते. माझ्यासाठी तो वॅगन चालण्याचा प्रश्न आहे.

भाची : माझ्या चाकांच्या कडा खोल आहेत, मला ताठ वॅगन चालते. फक्त ती चौरस हवी. म्हणून मी चाकं बसवल्यावर गोंद सुकण्याआधी वॅगन काचेवर ठेवते. चारही चाकं काचेला टेकली पाहिजेत. आणि हेही सांगते, तुमच्या पी-फोरसाठी अचूक असलेला भाग माझ्यासाठी अचूक असेलच असं नाही. तुमचे रूळ १८.८३, माझे १६.५. म्हणजे माझं प्रत्येक चाक खऱ्या जागेपेक्षा सव्वा मिलिमीटरच्या आसपास आत आहे. तुमचे ब्रेकचे ठोकळे खऱ्या जागी लावले तर माझ्या चाकांच्या बाहेर हवेत लोंबतील. ठोकळा चाकाच्या समोर असणं हेच ब्रेकचं सगळं म्हणणं. म्हणून मी मापाशी थोडी तडजोड करून ठोकळे आत घेते.

मामा : आणि तेच योग्य आहे. भाग घेताना तो कोणत्या रुळांसाठी काढलाय हे आधी पाहायला हवं. एकच किट ‘ओओ’वाले, या दोन्हींच्या मधल्या रुंदीचे रूळ वापरणारे ‘ईएम’वाले आणि पी-फोरवाले असे तिघंही वापरतात. प्लास्टिकच्या ब्रेकची जागा बहुधा ‘ओओ’च्या चाकांच्या हिशेबाने ठरलेली असते. रूळ रुंद केले की ठोकळे चाकांच्या आत राहतात आणि ते मला बाहेर सरकवावे लागतात. चाकांबद्दल मात्र आपलं एकमत असावं.

भाची : पूर्ण. चाकं धातूची, खऱ्या ३ फूट १ इंचाच्या हिशेबात बसणारी, म्हणजे सव्वाबारा मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही टोकं सुईसारखी असलेला २६ मिलिमीटरचा ॲक्सल आणि पितळेची बेअरिंग. किटमधल्या प्लास्टिकच्या छिद्रात ॲक्सल थेट फिरवला तर छिद्र झिजतं आणि वॅगन जड ओढली जाते. ही एक गोष्ट कुठल्याही किटमध्ये बदलावी, असं मी नव्याने सुरुवात करणाऱ्यालाही सांगेन. आरे की सलग तबकडी, हेही छायाचित्र पाहून ठरवावं.

मामा : ठरलं. आता बाकीचे भाग कुठून आणायचे ते बोलू. अंडरफ्रेमच्या भागांचा व्यापार मोठ्या कारखान्यांचा नाही. घरातल्या एका खोलीत साचे ठेवून व्हाइटमेटल, म्हणजे सहज वितळणारा मिश्रधातू, ओतणारा एखादा माणूस, कोरीव पत्र्याचे आराखडे काढून ते कोरून घेणारा दुसरा, फक्त बफर बनवणारा तिसरा. व्हाइटमेटलचा ॲक्सलबॉक्स जड असतो, वॅगनला खाली वजन देतो आणि त्याची धार प्लास्टिकपेक्षा स्वच्छ असते. हे लोक आपापल्या वॅगनींचे जाणकार असतात. ‘मला १९०७ च्या नमुन्याचा ग्रीसचा ॲक्सलबॉक्स हवा’ असं सांगितलं तर ते विचारतात, कुठल्या कारखान्याची वॅगन? ग्लॉस्टर रेल्वे कॅरेज अँड वॅगन कंपनीने बांधलेल्या वॅगनींचे ॲक्सलबॉक्स वेगळे ओळखू येतात. हा प्रश्न विचारणारा विक्रेता मिळाला की निम्मं काम झालं.

भाची : आणि तो माणूस थकला की दुकान बंद. हीच माझी खरी तक्रार आहे. या व्यापाराचा पायाच माणसांच्या वयावर उभा आहे. काही किट्स वाचली, कारण मोठ्या कंपनीने ती घेतली. पार्कसाइड डंडसची वॅगन किट्स पीकोकडे गेली, एअरफिक्सचे जुने साचे डॅपॉलकडे गेले. पण सुट्या भागांच्या यादीला असा वारस कुठला मिळायला? आज यादीत असलेला भाग पुढच्या वर्षी नसतो. मग तुमच्या पिढीचे लोक साठे करतात आणि नव्या माणसाला काहीच मिळत नाही.

मामा : साठा करू नये, हे मान्य. हातातल्या वॅगनीला लागतं तेवढंच घ्यावं. जुना माल बाहेर येतो तो मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनांतल्या जुन्या मालाच्या टेबलांवर, ती चाळावीत. पी-फोर आणि ‘ईएम’वाल्यांच्या संस्था आपल्या सभासदांसाठी भागांचं भांडार चालवतात. या छोट्या विक्रेत्यांकडून नियमित थोडं थोडं घेत राहणं हाच त्यांना टिकवण्याचा मार्ग आहे.

भाची : माझ्याकडे दुसरा मार्ग आहे. मी ॲक्सलबॉक्स संगणकावर एकदा काढते आणि रेझिनमध्ये छापते. एक हवा तर एक, साठ हवे तर साठ. कुणाच्या निवृत्तीची वाट नाही. बफरचं घर, स्प्रिंग, ॲक्सलबॉक्स, सोलबारवरच्या बोल्टांच्या पट्ट्या, सगळं छापता येतं.

मामा : मी विरोध करणार नाही, पण तीन प्रश्न विचारीन. पहिला ताकदीचा. रेझिन ठिसूळ. ॲक्सलबॉक्सला ते चालेल, पण ब्रेकचा बारीक दांडा किंवा ॲक्सलचा भार घेणारा पातळ डब्ल्यू-आयर्न टिकेल का?

भाची : नाही टिकणार. ते भाग मी पितळेचेच घेईन. हे मलाही अनुभवाने कळलंय.

मामा : दुसरा प्रश्न. तू काढलास तो कशावरून काढलास? दुसऱ्याचा तयार भाग वर्नियरने मोजून काढला असशील तर त्याची चूकही तुझ्याकडे आली, आणि आता ती साठ प्रतींत आली. माप न घेता शिंप्याकडे कापड टाकावं तसं होतं ते. शिलाई उत्तम होते, कपडा कुणाच्याच अंगाला बसत नाही. तिसरा प्रश्न त्याहून गंभीर. दुसऱ्याने मेहनतीने बनवलेला भाग छापून वाटला तर तो माणूस निवृत्त होण्याआधीच त्याचं दुकान बंद पडतं. ज्या व्यापाराच्या नाजूकपणाबद्दल तू बोललीस, त्याचा घास आपणच काढून घ्यायचा का?

भाची : दुसऱ्याच्या भागाची नक्कल मी करत नाही आणि कुणी करू नये. जो भाग बाजारात आहे तो विकत घ्यावा. जो कुठेच मिळत नाही तोच काढावा. आणि काढायचा तो मूळ आराखड्यावरून. तो कुठे मिळेल ते तुम्ही सांगा.

मामा : इथे मात्र ब्रिटनमधल्या छंदी लोकांचं भाग्य मोठं. हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटी १९५० मध्ये स्थापन झाली. तिचं केंद्र आपल्या डर्बीशायरमध्येच, बटर्लीला. वॅगनींचे आराखडे आणि छायाचित्रं तिने जमवली आहेत. यॉर्कला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. बिल हडसन यांची खासगी वॅगनींवरची पुस्तकं छायाचित्रांनी भरलेली आहेत. वॅगन बांधणारे कारखाने नवी वॅगन बाहेर पडताना तिचं बाजूने छायाचित्र काढून ठेवत. त्यात सोलबार, डब्ल्यू-आयर्न, ॲक्सलबॉक्स, ब्रेक सगळं उजेडात दिसतं. सोलबार लाकडाचा की पोलादाचा, हेही तिथेच कळतं. लाकडाचा असेल तर सपाट, त्यावर बोल्टांची डोकी. डब्ल्यू-आयर्न त्याच्या मागे. पोलादाचा असेल तर बाहेरून पन्हळीसारखी खोबण. लाकडी वॅगनीखाली पोलादी सोलबार लावला तर ती तुझ्या भाषेत ‘चुकीची’, फक्त जाड नव्हे.

भाची : संग्रहालयातली वॅगन प्रत्यक्ष मोजता येते, ते तर आणखी चांगलं.

मामा : मोजावी, पण डोळे उघडे ठेवून. आज उरलेल्या कित्येक खासगी वॅगनी खाणींच्या आणि कारखान्यांच्या अंतर्गत रुळांवर पुढेही वापरल्या गेल्या. त्यांचे ॲक्सलबॉक्स बदललेले असू शकतात, ब्रेक बदललेला असू शकतो. वॅगन मोजायची आणि त्याच प्रकारच्या वॅगनीच्या जुन्या छायाचित्राशी ताडायची.

भाची : मामा, हे तुम्ही बोललात आणि तुमच्याच मताला एक भोक पडलं. खऱ्या वॅगनी दुरुस्त व्हायच्या. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर खासगी वॅगनी सरकारी ताब्यात घेऊन सगळ्या एकत्र वापरात आणल्या. म्हणजे यॉर्कशायरच्या खाणीची वॅगन वेल्समध्ये बिघडली तर तिथल्या फिटरने हाताला लागला तो ॲक्सलबॉक्स बसवला. १९४८ च्या राष्ट्रीयीकरणात अशा पाच लाखांहून अधिक वॅगनी ब्रिटिश रेल्वेकडे आल्या. त्या काळच्या छायाचित्रांत एकाच वॅगनीवर दोन-तीन प्रकारचे ॲक्सलबॉक्स दिसतात. मग चारही एकाच अचूक नमुन्याचे लावण्याचा हट्ट तरी कशाला?

मामा : हे भोक नाही, माझ्याच मताचा पुढचा टप्पा आहे. १९२५ ची नवी वॅगन करायची असेल तर चारही सारखे. १९५० ची करायची असेल तर छायाचित्रात दिसतात तसे वेगवेगळे, चारांतला एक वेगळा असेल तर एकच वेगळा. अचूक असण्यासाठी सगळं एकसारखं असावं लागत नाही. त्या वॅगनीच्या त्या दिवसाशी ते जुळावं लागतं. आणि हे तुझ्या खिशालाही सोयीचं. वेगवेगळ्या किटांतून उरलेले ॲक्सलबॉक्स युद्धानंतरच्या वॅगनींना लावता येतील, छायाचित्राचा आधार असला म्हणजे झालं.

भाची : हा हिशेब मला आवडला. आता बफर. माझ्या उरलेल्या भागांत हायड्रॉलिक बफर आहेत, दिसायला सुंदर.

मामा : ते पुढच्या काळातल्या वॅगनींचे. युद्धाआधीच्या कोळसा वॅगनीला चालणार नाहीत. या वॅगनीला व्हॅक्यूम ब्रेक नाही, म्हणून बफर लहान. पुढच्या ब्रिटिश रेल्वेच्या वॅगनींतही हा भेद राहिला. साध्या वॅगनीला १ फूट ६ इंचांचे, व्हॅक्यूमवाल्यांना १ फूट ८½ इंचांचे. फरक मॉडेलमध्ये मिलिमीटरच्या आतबाहेर, पण लांब बफर लावले की नजर आपोआप वॅगनीखाली व्हॅक्यूमची टाकी शोधते. आणि हिला जोडणी तीन कड्यांची.

भाची : एक वेगळा विचार मनात येतो. पुण्या-मुंबईकडे हा छंद असलेली माणसं भारतीय गाड्या १:८७ मध्ये बनवतात आणि १६.५ च्या तयार रुळांवर चालवतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्या प्रमाणात तो १९.२५ च्या आसपास यायला हवा. म्हणजे ब्रेकचे ठोकळे कुठे लावायचे, हा माझा प्रश्न त्यांच्याकडे आणखी मोठा आहे. आणि त्यांना कल्याण-दौंडच्या यार्डात दिसणाऱ्या ‘बॉक्स-एन’ वॅगनीची कास्नब बोगी हवी असेल तर ब्रिटनसारखं सुट्या भागांचं दुकान शेजारी नाही.

मामा : त्यांना काढूनच घ्यावी लागेल, आणि तिथे तुझा मार्ग खरा उपयोगाचा. पण क्रम तोच. आधी वॅगन, मग माप, मग भाग. ब्रिटनमध्ये दुकानं आहेत म्हणून माणूस क्रम उलटा करतो. यादीत जे मिळतं ते आधी घेतो आणि मग ते कुठल्या वॅगनीला बसेल ते शोधतो.

भाची : मग आपण क्रम लावून टाकू. पहिलं छायाचित्र, आणि त्यावरून साल. दुसरं ॲक्सलमधलं अंतर. ते चुकीचं असेल तर अंडरफ्रेम बदलायची किंवा किट दुसऱ्या वॅगनीसाठी ठेवून द्यायचं. तिसरं चाकं आणि बेअरिंग. चौथं ब्रेकचा प्रकार. जास्तीचं कापायचं, कमी पडेल तेवढंच आणायचं. पाचवं सोलबार, ॲक्सलबॉक्स आणि बफर. इथपर्यंतचं सगळं चुकीचं-बरोबरचं, यात तडजोड नाही.

मामा : आणि मग जाडीचं. दांडे, ठोकळ्यांचे पट्टे, डब्ल्यू-आयर्नच्या कडा. हे ज्याने-त्याने आपल्या रुळांप्रमाणे, हाताप्रमाणे आणि वेळेप्रमाणे ठरवावं. मी पितळ लावीन, तू कानस लाव. वॅगन उलटी केल्याशिवाय न दिसणारी आतल्या बाजूची कामं मी करीन, पण ती केली नाहीत म्हणून तुझी वॅगन अपुरी म्हणणार नाही.

भाची : आणि मी मूळ छायाचित्र न पाहता गोंदाची बाटली उघडणार नाही.

दोघांमधला मतभेद मिटलेला नाही आणि मिटायची गरजही नाही. सुटे भाग मिळवणं हा खरेदीचा प्रश्न वाटतो, पण तो आधी माहितीचा प्रश्न आहे. ज्याला आपली वॅगन कोणत्या सालची, कोणत्या कारखान्याची आणि कोणत्या ब्रेकची हे ठाऊक आहे, त्याला बहुतेक वेळा दोन-तीनच भाग बाहेरून लागतात, बाकीचं किटमध्येच असतं. ज्याला हे ठाऊक नाही, त्याने बाजारातले सर्वांत बारीक पितळी भाग आणले तरी वॅगन खोटीच राहते. म्हणून हा छंद असलेल्या प्रत्येकाला विनंती आहे : पुढचं किट उघडण्याआधी त्या वॅगनीचं एक बाजूने काढलेलं जुनं छायाचित्र शोधा, किटची अंडरफ्रेम त्याच्याशी ओळीने ताडून पाहा आणि चुकीच्या भागांची यादी करा. खरेदी त्या यादीपुरतीच करा, आणि ज्या छोट्या कारागिराकडे तो भाग मिळतो त्याच्याकडूनच करा.